पडवीतली जावा

महाराष्ट्रातल्या कित्येक वाड्यांच्या पडवीत, गोठ्याच्या कडेला किंवा पेंढ्याच्या गंजीआड एखादी मोटारसायकल वर्षानुवर्षे उभी असते. तिच्या टाकीवरचा लाल रंग धुळीखाली काळवंडलेला असतो, टायरांची हवा केव्हाच गेलेली असते, सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारणीने मातीचे घर बांधलेले असते, आणि घरातली मंडळी तिच्यावर पोती, दोरखंड आणि जुनी घोंगडी टाकण्याला इतकी सरावलेली असतात की ही वस्तू कधीकाळी आपल्या पायांनी गावोगाव हिंडत होती याचे स्मरणही कोणास राहत नाही. अशी गाडी पुन्हा चालती होऊ शकते काय, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. होऊ शकते, हे त्याचे उत्तर आहे. मात्र ती चालती करणे आणि ती नवी करणे ही दोन कार्ये भिन्न आहेत, आणि दुसऱ्याच्या उत्साहात पहिल्याची हानी होते, हे आरंभीच सांगितले पाहिजे. गाडी कोणत्या कारणाने थांबली याचा निर्णय होण्यापूर्वी तिच्या एकाही बोल्टला पाना लावू नये, असे माझे निश्चित मत आहे.

उदाहरणादाखल मी जावा घेतो. कारण आपल्याकडच्या पडव्यांत ती विपुल आढळते, आणि तिची रचना इतकी सरळ व प्रामाणिक आहे की तिच्यावरून जुन्या यंत्राच्या जीर्णोद्धाराची एकंदर पद्धत समजून घेता येते. फ्रांतिशेक यानेचेक या झेक उद्योजकाने 1929 साली वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनविण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची रोमन लिपीतली पहिली दोन-दोन अक्षरे जोडून आपल्या गाडीचे नामकरण केले. पुढे जर्मन अंमलाखाली नागरी वाहनांचे काम करण्याची मोकळीक नसताना त्या कारखान्यातल्या अभियंत्यांनी गुप्तपणे एका अडीचशे सीसीच्या गाडीची सिद्धता केली, आणि युद्ध संपताच ती जगापुढे मांडली. तिच्याच वंशातली, 1954 च्या सुमारास युरोपात आलेली 353 क्रमांकाची आवृत्ती भारतात बनविण्याचा परवाना फारूख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने मिळविला, आणि 1961 मध्ये मैसूरच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. 1973 पासून टाकीवर येझदी हे नाव आले, यंत्रात यथाकाल फेरफार झाले, आणि 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला. म्हणजे आज पडवीत उभ्या असलेल्या जावाचे वय बहुधा पन्नाशीच्या पुढचे असते. तिला घडविणारा कारखाना उरलेला नाही, आणि तिच्याविषयीचे ज्ञान पुस्तकांपेक्षा काही वयोवृद्ध मिस्त्र्यांच्या बोटांत अधिक आहे. हे ज्ञान त्यांच्याबरोबर जाऊ नये, अशी ज्यांना तळमळ आहे त्यांनी त्यांच्याशेजारी बसून ते शिकून घ्यावे, इतकेच मी आग्रहाने सांगेन.

प्रथम पाहणी. गाडी उजेडात आणावी, परंतु लगेच धुऊ नये. कारण धूळ, तेलाचे डाग आणि गंज हे तिच्या पूर्वेतिहासाचे दप्तर आहे. इंजिनाच्या डाव्या कडेला तेलाचा ओघळ असेल तर गिअरपेटीतले तेल कोठून गळत होते हे तो सांगतो. टाकीच्या बुडाशी लालसर तपकिरी वलय असेल तर टाकी आतून सडत आली आहे. सिलिंडरच्या बुडाशी तेलकट काजळी साचली असेल तर तिथले पॅकिंग पूर्वीच फुटले होते. सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, तारा कोठून कोठे जातात याची आकृती कागदावर उतरवावी, आणि चासिसवरचा व इंजिनावरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावा. हे शेवटचे काम अनेकजण रंग लागल्यावर करतात, आणि तोवर वाळूच्या माऱ्याने किंवा घासणीने क्रमांकाचे आकडे अस्पष्ट झालेले असतात. मग परिवहन कार्यालयातल्या निरीक्षकापुढे कैफियत मांडताना काहीच हाती राहत नाही.

पाहणीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा की इंजिन फिरते की जाम झाले आहे. जावाची किक ही एक विलक्षण गोष्ट आहे: डाव्या बाजूला असलेला एकच दांडा आत दाबून मागे वळवला की किकचे काम करतो आणि सोडला की गिअरचा दांडा होतो. ही युक्ती सुंदर असली तरी नाजूक आहे. इंजिन जाम असताना त्या दांड्यावर उभे राहून जोर करणे म्हणजे त्याच्या आतल्या दातांचा नाश करणे होय. त्याऐवजी प्लग काढावा, सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतावे, आणि आठवडाभर विसरून जावे. नंतर गाडी वरच्या गिअरमध्ये घालून मागचे चाक दोन्ही हातांनी पुढेमागे हलवून पाहावे. पिस्टन आणि सिलिंडर यांमध्ये गंजाचा पापुद्रा असेल तर तो बहुधा सुटतो. सुटला नाही तर पुन्हा तेल आणि पुन्हा प्रतीक्षा. हातोडा वापरण्याचा मोह येईल तेव्हा तो दुसऱ्या खोलीत ठेवून यावा.

पिस्टन सुटला आणि किक मारल्यावर प्लगवर ठिणगी दिसली की बहुतेकांना वाटते, आता पेट्रोल घालून सुरू करावे. येथेच थांबले पाहिजे, आणि का थांबायचे हे समजण्यासाठी दोन धावांचे इंजिन चालते कसे हे पाहणे आवश्यक आहे. चार धावांच्या इंजिनात वायू आत घेणे आणि धूर बाहेर सोडणे हे व्हॉल्व्ह करतात. जावाच्या इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत. तेथे पिस्टन वर जाताना त्याच्या खालच्या पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, पेट्रोल, तेल आणि हवा यांचे मिश्रण ओढले जाते; पिस्टन खाली येताना ते दाबले जाते आणि सिलिंडरच्या भिंतीतल्या मार्गांनी वर चढते; तेथे जळल्यावर उरलेला धूर दोन भोकांतून दोन सायलेन्सरांत जातो. म्हणजे लोहाराच्या भात्याप्रमाणे ही खालची पोकळी दर फेऱ्याला फुगते आणि दबते, आणि भात्याच्या चामड्याला भोक पडले की जसा निखारा फुलत नाही, तसा क्रँककेसला कोठेही गळती असली की मिश्रणाचा समतोल बिघडतो.

ही गळती बहुधा क्रँकच्या दोन टोकांना असलेल्या रबरी ऑइल सीलांतून होते. वर्षानुवर्षे न हललेल्या गाडीत हे रबर कडक होते, त्याची धार तडकते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. डावीकडचे, प्रायमरी चेनच्या बाजूचे सील गेले असेल तर इंजिन गिअरपेटीतले तेल शोषून जाळते, पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि गिअरपेटीतले तेल कमी होत राहते. हा दोष निदान डोळ्यांना दिसतो. उजवीकडचे, डायनामोच्या बाजूचे सील गेले असेल तर मात्र बाहेरची कोरडी हवा आत येते, मिश्रण विरल होते, आणि विरल मिश्रण अधिक तापते. इतकेच नव्हे, दोन धावांच्या इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच येत असल्यामुळे मिश्रण विरल झाले की वंगणही घटते. अशा स्थितीत गाडी पहिल्या किकेला सुरू होते, आनंदाने धावते, आणि चढावर अकस्मात पिस्टन तापून सिलिंडरला घट्ट धरतो. सबब, जी जावा दहा-पंधरा वर्षे उभी होती, तिचे इंजिन उघडून दोन्ही सील नवे घालणे हा खर्चाचा भाग समजू नये. तो तिच्या आयुष्याचा विमा आहे.

इंजिन उघडले म्हणजे क्रँकही तपासावा. जावाचा क्रँक एकसंध नसतो. दोन जड चकत्या आणि त्यांच्यामध्ये दाबून बसविलेली पिन, त्या पिनेभोवती रोलर आणि त्यावर कनेक्टिंग रॉड, अशी ती जोडणी असते. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहिला असता किंचितही खडखड जाणवली, किंवा रोलरवर गंजाचे डाग दिसले, तर ही जोडणी दाबयंत्रावर सुटी करून नवी पिन, नवे रोलर घालून पुन्हा दाबून बसवावी लागते. आणि बसविल्यावर खरे कौशल्य लागते: क्रँक दोन टोकांवर धरून फिरवायचा, डायल गेजचा काटा किती हलतो ते पाहायचे, आणि तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीने नेमक्या जागी नेमका ठोका देत तो शतांश मिलिमीटरच्या मर्यादेत सरळ आणायचा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, पुण्यामुंबईच्या जुन्या पेठांत आणि तालुक्यातालुक्यांच्या गावी लेथ घेऊन बसलेल्या ज्या कारागिरांनी ऑइल इंजिने आणि शेतीचे पंप हयातभर दुरुस्त केले, त्यांना हे काम नवे नाही. त्यांना सोबत बसून पाहण्याची परवानगी मागावी. ती बहुधा आनंदाने मिळते, आणि ज्याने एकदा तो काटा स्थिर होताना पाहिला, त्याला यंत्रविषयक श्रद्धेसाठी दुसरे प्रमाण लागत नाही.

सिलिंडरची कथा त्यामानाने संक्षिप्त आहे. जावाच्या सिलिंडरचा व्यास 65 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 75 मिलिमीटर. झीज असेल तर सिलिंडर बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन घालतात. दोन गोष्टी मात्र लेथवाल्याला सांगून ठेवाव्यात: बोअर झाल्यावर भिंतीतल्या भोकांच्या धारा किंचित मोडून घ्याव्यात, नाहीतर रिंगा त्यांच्यात अडकून तुटतात, आणि रिंगांची टोके पिस्टनवरच्या छोट्या पिनांवर बसली आहेत याची बोटाने खात्री केल्याखेरीज सिलिंडर खाली उतरवू नये. सायलेन्सर आतून काजळीने भरलेले असतात, त्यांच्यातल्या नळ्या बाहेर काढून ती काजळी जाळून किंवा कॉस्टिक सोड्यात भिजवून साफ करावी. सोडा अॅल्युमिनियमच्या एकाही भागाला लागू देऊ नये, आणि हाताला मोजे असावेत. ब्रेक उघडताना आणखी एक सावधगिरी: जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असते, त्याची धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके टाकून द्यावे.

विजेच्या बाबतीत जावा आजच्या गाड्यांहून निराळी आहे. तिची योजना सहा व्होल्टची आहे. क्रँकच्या उजव्या टोकावर बसलेला डायनामो एकदिश प्रवाह देतो, आणि ठिणगीसाठी लागणारी वीज बॅटरीतून कॉइलकडे जाते. त्यामुळे बॅटरी मृत असेल तर ठिणगीही मृत. डायनामो दीर्घकाळ न फिरल्यास त्याच्या लोखंडातले अवशिष्ट चुंबकत्व नाहीसे होते, आणि मग कोणताही भाग बिघडलेला नसताना तो वीज निर्माण करण्यास असमर्थ ठरतो. बॅटरीचा प्रवाह योग्य दिशेने क्षणभर त्याच्या फील्ड वेटोळ्यांतून सोडला की ते चुंबकत्व परत येते आणि डायनामो कामास लागतो. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कित्येक निर्दोष डायनामो भंगारात गेले आहेत. ठिणगीची वेळ ठरविणाऱ्या पॉइंटच्या तोंडांवर काळपट थर असतो, तो बारीक पॉलिश कागदाने काढून त्यांतले अंतर सुमारे 0.4 मिलिमीटर ठेवावे, आणि पिस्टन शिखरावर पोहोचण्यापूर्वी पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर पॉइंट उघडतात की नाही हे डायल गेज लावून पाहावे. कापडी वेष्टनाच्या तारा तडकलेल्या असतात. त्या सगळ्या बदलाव्यात, कारण अर्ध्या तारा नव्या आणि अर्ध्या जुन्या अशी व्यवस्था दोष शोधणाऱ्याची मोठी दमछाक करते.

टाकी आणि कार्बोरेटर यांच्याविषयी आजच्या काळात विशेष लिहिणे भाग आहे. जुन्या गाडीच्या मालकांना 2000 साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले तेव्हा चिंता वाटली होती. व्हॉल्व्ह असणाऱ्या काही जुन्या इंजिनांच्या बाबतीत ती अस्थानी नव्हती, पण व्हॉल्व्हच नसलेल्या जावाला तिचे कारण नव्हते. इथेनॉलचे तसे नाही. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळते. इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषते, आणि पाणी पुरेसे झाले की पेट्रोलपासून विलग होऊन टाकीच्या तळाशी बसते. तेथून गंज सुरू होतो. जुन्या रबराला ते फुगवते, आणि पेट्रोल कॉकमधल्या बुचाचे त्याच्या संगतीत काही खरे नसते. शिवाय इथेनॉलला जळण्यासाठी पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून तेवढेच इंधन आले तरी मिश्रण विरल ठरते, आणि विरल मिश्रणाचे परिणाम वर आलेच आहेत. उपाय अवघड नाहीत: टाकीतला गंज आधी काढावा, त्यासाठी आत मूठभर खडे किंवा साखळीचा तुकडा घालून टाकी पुष्कळ वेळ हलवावी, मग सौम्य आम्लाने धुऊन सोड्याच्या पाण्याने ते आम्ल मारावे आणि टाकी उन्हात पूर्ण वाळवावी, रबरी नळी इंधनाला टिकणारी घ्यावी, बुचाऐवजी टिकाऊ द्रव्याचा कॉक बसवावा, आणि प्लगचा रंग पांढुरका दिसत असेल तर मुख्य जेट एक पायरी मोठा घ्यावा. प्लगच्या टोकावर बदामी छटा दिसली की समाधान मानावे.

रंगाविषयी मी थोडक्यातच लिहितो. जावाच्या टाकीच्या बाजूंना क्रोमचे पट्टे आणि कडेला सोनेरी रेषा असतात, आणि त्या रेषा हाताने ओढणारे रंगारी आजही मिळतात. परंतु जेथे मूळ रंग सत्तर-ऐंशी टक्के शाबूत आहे, तेथे तो खरवडून नवा चमकदार रंग देणे मला मान्य नाही. ज्या रंगावर एखाद्या डॉक्टरांच्या खेडोपाडीच्या फेऱ्यांचे किंवा एखाद्या शिक्षकाच्या शाळेच्या वाटेचे ओरखडे आहेत, तो रंग इतिहासाचा दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवजावर पुन्हा लिहीत नाहीत. जेथे पत्रा गंजून जात आहे तेथे गंज थांबवावा, त्या जागेपुरता रंग द्यावा आणि बाकीचे तसेच राहू द्यावे. सुटे भाग शोधण्यासाठी पुण्याच्या मंगळवार पेठेतला बुधवार-रविवारचा जुना बाजार किंवा मुंबईच्या कुर्ल्यातले भंगारवाले यांच्याकडे चक्कर मारावी. तेथे मूळ मैसूरचा जुना भाग सापडला आणि तो वापरण्याजोगा असला, तर नव्या नकलेपेक्षा तोच पसंत करावा. जावाप्रेमी मंडळींची जी मंडळे गावोगावी आहेत, त्यांचीही अशा शोधात फार मदत होते. जुलैच्या दुसऱ्या रविवारी ही मंडळी देशभर गाड्या काढतात, तेव्हा त्यांच्यातल्या जाणत्या माणसांना गाठण्याची उत्तम संधी मिळते.

यंत्र सिद्ध होत असताना कागदपत्रांचे काम समांतर चालू ठेवावे. खाजगी वाहनाची नोंदणी प्रथम 15 वर्षांची असते, आणि त्यानंतर तपासणी करून 5-5 वर्षांनी वाढवावी लागते. मुदत संपून अनेक वर्षे लोटली असतील तर दंड आणि पर्यावरण कर भरून पाटी कोरी करावी लागते. गाडी आजोबांच्या नावे असेल तर वारसा सिद्ध करून नमुना 31 मध्ये हस्तांतराचा अर्ज, नोंदणीपुस्तक हरवले असेल तर पोलिसांकडचा दाखला जोडून नमुना 26, नूतनीकरणासाठी नमुना 25, अशी ही पायरीपायरीची वाट आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. जी गाडी पूर्वी नोंदलेली आहे तिला आपला जुना क्रमांक ठेवता येतो, आणि नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला व्हीए ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. या नोंदणीची मुदत 10 वर्षांची आहे. परंतु अशी गाडी प्रदर्शने, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती अशा प्रसंगांसाठीच रस्त्यावर आणावयाची असते. ज्याला रविवारी सकाळी गावी जाऊन यायचे आहे, बाजारातून भाजी आणायची आहे, त्याने व्हिंटेज नोंदणीच्या मानाला न भुलता सामान्य नूतनीकरणाचा मार्ग धरावा, असे मला वाटते. कारण जावा रोजच्या उपयोगासाठी घडविलेली गाडी आहे आणि उपयोगातच तिचे आरोग्य टिकते.

आता पहिली सुरुवात. नव्या पिस्टनच्या रनिंग-इनच्या काळात पेट्रोलमध्ये तेलाचे प्रमाण 20 ला 1 ठेवावे, म्हणजे 5 लिटर पेट्रोलला 250 मिलिलिटर तेल. त्यानंतर जुन्या पुस्तिकांतले 25 ला 1 हे प्रमाण, म्हणजे 200 मिलिलिटर. तेल आणि पेट्रोल वेगळ्या भांड्यात नीट ढवळून मगच टाकीत ओतावे. पेट्रोल कॉक उघडून कार्बोरेटरचा टिकलर दाबावा आणि इंधन डोकावू लागेपर्यंत थांबावे, चावी बंद ठेवून दोन-तीन वेळा किक सावकाश फिरवावी, आणि मग चावी लावून एक पूर्ण, सलग किक द्यावी. इंजिन लागले की पहिल्या मिनिटात धुराने अंगण भरून जाईल; ते साचलेले तेल जळत आहे, त्याने घाबरू नये. जागच्या जागी अधिक वेळ चालवीत ठेवू नये, कारण उभ्या गाडीच्या सिलिंडरला वारा मिळत नाही. पहिल्या पाचशे किलोमीटरांत चढावर ताण देऊ नये, एकाच वेगाने दीर्घकाळ जाऊ नये, लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण मिटवून धावू नये, कारण थ्रॉटल मिटला की वंगणही जवळजवळ थांबते. मधूनमधून तो क्षणभर उघडावा. प्रवास संपवून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सिलिंडरच्या हेडचे नट पुन्हा एकवार तपासावेत, आणि चेन, आरे व ब्रेकच्या केबल यांवर नजर टाकावी.

गाडी एखादा महिना नियमित वापरायची नसेल, तर मात्र एक सवय लावून घ्यावी: घरापासून काही अंतरावर पेट्रोल कॉक बंद करावा आणि इंजिन स्वतः बंद पडेपर्यंत गाडी चालवावी, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो आणि इथेनॉलचे पाणी तेथे साचत नाही. टाकी मात्र गळ्यापर्यंत भरून ठेवावी, बॅटरीचे एक टोक सुटे करावे, गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी, सायलेन्सरच्या दोन्ही तोंडांत कापडाचा बोळा घालावा म्हणजे कुंभारणीला आत जागा उरत नाही, आणि दर पंधरा दिवसांनी बोळे काढून पाच किलोमीटरांची फेरी मारून यावी.